स्तन्यापनयन : संहितांचे वचन आणि अस्थींची साक्ष

पुष्य नक्षत्राच्या दिवशी पहूर येथील आमच्या चिकित्सालयासमोर सुवर्णप्राशनासाठी सकाळपासून रांग लागते. पेठेतून, कसब्यातून, वाघूरकाठच्या खेड्यांतून माता आपली लेकरे घेऊन येतात. अशाच एका दिवशी एक आजी अकरा महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन आल्या. मुलाचे हातपाय काटकुळे, पोट मात्र फुगलेले, त्वचा रूक्ष, स्वर क्षीण आणि किरकिरा. मागे उभी असलेली त्याची आई पुन्हा गर्भवती. चौथा महिना लागलेला. "भाऊ, सोन्याचे दोन थेंब द्या, म्हणजे बाळसं धरेल," एवढेच आजींचे मागणे. उष्टावण केव्हा झाले असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अजून कुठं? मामा सुरतेला कामाला आहे. दिवाळीला येईल तेव्हा करू." मग मूल खाते काय? "काही नाही हो, नुसतं अंगावरचं. आणि चहात बुडवून बिस्कीट."

मामाच्या हातचा पहिला घास मिळेपर्यंत ते बिस्कीट कोणाच्या लेखी अन्नच नव्हते, आणि आटत चाललेले दूध हे दूधच होते. पारिगर्भिकाचे इतके स्पष्ट लक्षणचित्र आमच्यासमोर उभे असता आमच्या हाती सोन्याच्या थेंबांची कुपी होती, याची आम्हांस त्या क्षणी लाज वाटली. प्रस्तुत लेखाचा विषय त्या लाजेतून निघाला आहे. मात्र त्याकडे जाण्यासाठी वाचकांस आम्ही प्रथम तीन हजार वर्षे मागे नेणार आहोत. कारण अंगावरचे दूध कमी होत जाते आणि अन्न पुरेसे अंगी लागत नाही, त्या काळात मुले कशी खंगतात याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्राच्या मातीतून निघालेला आहे आणि तो आपल्या वैद्यवर्गाने फारसा वाचलेला नाही.

खानदेशाला ताम्रपाषाणयुग परके नाही. गिरणेच्या काठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात उत्खनन केले. नदीपलीकडील टेकवाडे येथे त्या काळची दफने मिळाली. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे बी. के. थापर यांनी उकरले. तापीकाठच्या सावळदा या गावाने तर एका संपूर्ण संस्कृतीला आपले नाव दिले, आणि तिची एक वसाहत धुळे जिल्ह्यात कावठे येथे उजेडात आली. परंतु बालकांच्या अस्थींचा मोठा संचय मिळाला तो दक्षिणेकडे, गोदावरी आणि भीमेच्या खोऱ्यांत : नेवासे, दायमाबाद आणि विशेषतः पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीवर वसलेले इनामगाव. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. इ. स. पू. सुमारे १६०० ते ७०० या कालखंडात तेथे शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. सातू, गहू, मसूर पिकत होते; गाईगुरे, शेळ्यामेंढ्या होत्या.

या वस्तीत दोनशेहून अधिक दफने सापडली आणि त्यांत बहुसंख्य बालकांची आहेत. रीत अशी होती : घराच्या भुईतच खड्डा घ्यावा, दोन मातीचे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवावेत आणि त्यांच्या पोटात लेकराचा देह ठेवावा. जवळ एखादे लहान भांडे. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मूल गेले तरी ते घराबाहेर जाऊ दिले नाही. आई ज्या भुईवर चूल पेटवीत होती, त्याच भुईखाली ते राहिले. अगदी लहान मुलाला अग्नी न देता पुरण्याची आपल्याकडील रीत आजही ज्यांनी पाहिली आहे, त्यांस यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. आमच्या वाघूरच्याच वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, मुलांनी वेढलेली हारीती बसली आहे. आधी बालकांना खाणारी आणि मग त्यांची राखण करणारी. काश्यपसंहितेतील जातहारिणीही याच भीतीचे नाव. इनामगावच्या रांजणांपासून अजिंठ्यापर्यंत दीड हजार वर्षे गेली, भीती तीच राहिली.

आता वैद्याने विचारावयाचा प्रश्न असा की ही मुले कशाने गेली? बहुतेक आजार अस्थींवर खूण ठेवीत नाहीत. अतिसाराने दोन दिवसांत मूल जाते आणि हाडाला त्याची वार्ताही नसते. तथापि वाढ खुंटली असेल, पोषण तुटले असेल, तर हाड आणि विशेषतः दात ते लिहून ठेवतात. सुश्रुताने दातांची गणना अस्थींमध्येच केली व त्यांस रुचकास्थि म्हटले. काश्यपसंहितेत तर दंतजन्मिक नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. बालकाच्या दातांकडे इतक्या बारकाईने पाहणारी परंपरा आपली असताना, जैवपुरातत्त्वज्ञ दातांकडे काय पाहतात हे समजून घेण्यास आपण संकोच करण्याचे कारण नाही.

दाताचे आवरण, म्हणजे दंतवल्क, थराथराने तयार होते आणि एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही. हाड आयुष्यभर झिजते व भरते. दंतवल्क मात्र घडले त्या महिन्याची अवस्था जशीच्या तशी राखून ठेवते. दुधाच्या सुळ्याचा माथा गर्भात घडू लागतो व जन्मानंतर पहिल्या वर्षाच्या आत पूर्ण होतो. त्या अवधीत पोषणाची ओढाताण झाली तर सुळ्याच्या दर्शनी पृष्ठावर एखादा खळगा राहून जातो. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन लुकाच आणि डेक्कन कॉलेजचे डॉ. सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मुलांचे असे दात तपासले आणि त्यांचा संबंध बदलत्या हवामानाशी व उपजीविकेशी जोडून पाहिला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालअस्थींचा फिरून अभ्यास केला. लांब हाडांची वाढ आणि त्यांच्या भिंतींची जाडी मोजून मूल कृश होते की नाही याचा अंदाज त्यांनी बांधला. इ. स. पू. १०००च्या नंतरच्या उत्तर जोर्वे काळात, शेती आकसली आणि चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या त्या दिवसांत, मुलांची अंगकाठी आधीच्या पिढ्यांहून खालावलेली होती, असे त्यांचे अनुमान आहे.

येथवर झाले पोषणाचे. पण मूल अंगावर किती दिवस पीत होते हे अस्थींवरून कळावे, ही गोष्ट आम्हांस प्रथम वाचताना खरी वाटली नव्हती. युक्ती मोठी सुंदर आहे. नायट्रोजन या मूलद्रव्याचे दोन समस्थानिक निसर्गात आहेत, एक हलका आणि एक किंचित जड. प्राणी जे खातो त्याहून त्याच्या देहात जड नायट्रोजनचे प्रमाण थोडे वाढते. गवतापेक्षा गाईत अधिक, गाईपेक्षा वाघात अधिक. अंगावर पिणारे मूल आईच्या देहातूनच पोसते. म्हणून त्याच्या देहात ते प्रमाण आईच्याहून हजारी दोन ते तीन इतके चढते. अन्न सुरू झाले की ते उतरू लागते आणि दूध तुटले की आईच्या पातळीला येते. मेरिलिन फोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये हे जिवंत माता-बालकांच्या नखांवरून दाखविले व मग प्राचीन अस्थींना लावून पाहिले. स्तन्य हा रसधातूचा उपधातू, असे आपण प्रथम वर्षापासून पाठ करतो. म्हणून ऋषींना समस्थानिकांचे ज्ञान होते, असे कृपया कोणी पुढल्या परिसंवादात म्हणू नये. मातेच्या आहाररसातून स्तन्य आणि स्तन्यातून बालकाचा देह, ही साखळी त्यांनी डोळ्यांनी व बुद्धीने ओळखली, यात त्यांचा पुरेसा गौरव आहे.

ही पद्धत हाडातील कोलॅजनवर अवलंबून आहे आणि उष्ण, आळीपाळीने भिजणाऱ्या व तडकणाऱ्या जमिनीत कोलॅजन लवकर नष्ट होते. आपली काळी माती कापसाला चांगली, हाडांना नव्हे. म्हणून अलीकडे दंतवल्कातील बेरियमसारख्या द्रव्यांकडे अभ्यासक वळले आहेत. गर्भात ते बालकापर्यंत फारसे पोचत नाही, स्तन्यातून पोचते आणि दूध तुटले की त्याचे प्रमाण पुन्हा पालटते. बेल्जियममधील एका निअँडरथल बालकाच्या दातावरून २०१३ मध्ये असे दिसले की ते मूल पहिले सात महिने केवळ दुधावर होते, पुढील सात महिने दूध व अन्न दोन्ही घेत होते आणि मग सुमारे सव्वा वर्षाचे असताना त्याचे दूध एकाएकी तुटले. एक लाख वर्षांपूर्वीच्या त्या लेकराची आई गेली की हरवली, हे दात सांगत नाही. दूध हळूहळू सुटले नाही, एवढे मात्र तो सांगतो.

इजिप्तमधील दाखला ओॲसिस येथील रोमन काळातील दफनभूमीचा अभ्यास आम्हांस या सगळ्यांत अधिक बोधप्रद वाटतो. कारण तेथे ग्रंथ आणि अस्थी शेजारी ठेवून वाचता आल्या. सोरेनस हा रोमन काळातील वैद्य सहा महिन्यांनंतर मऊ धान्याहार सुरू करण्यास सांगतो व दीड-दोन वर्षांत दूध सोडवावे म्हणतो. गॅलेन तीन वर्षांपर्यंत जातो. अस्थींनी सांगितले की तेथील मुलांना सहा महिन्यांच्या सुमारास वरचे अन्न मिळू लागे आणि तीन वर्षांपर्यंत दूध पूर्ण सुटे. म्हणजे अन्नारंभ सोरेनसच्या मताशी जुळला आणि अपनयन गॅलेनच्या. माता ग्रंथ वाचून वागत नव्हत्या, हे उघड आहे. वैद्यांनीच मातांचे वागणे पाहून ग्रंथ लिहिले असावेत, असे आम्हांस वाटते.

आपल्या संहितांचे वाचन आम्ही याच दृष्टीने करू इच्छितो. त्यांच्यात एकवाक्यता नाही, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांपासून उगाच लपवितो. सुश्रुत सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न द्यावे म्हणतो. काश्यप सहाव्या महिन्यात फलप्राशन सांगतो आणि अन्नप्राशन दहाव्या महिन्यापर्यंत थांबवितो. वाग्भट महिना न मोजता दात आल्यावर क्रमाने स्तनापासून दूर करावे म्हणतो आणि त्या काळासाठी चारोळी, ज्येष्ठमध, लाह्या, खडीसाखर, मध यांचे मोदक सांगतो. (त्यांतील मधाविषयी एक वर्षाच्या आतील बालकांसाठी आजचे बालरोगतज्ज्ञ जो इशारा देतात तो पाळलाच पाहिजे. या वयाच्या मुलांना सुवर्णप्राशन देतानाही आम्ही मध वर्ज्य करतो, यावर काही ज्येष्ठ आमच्यावर रुष्ट आहेत.) जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केवळ स्तन्यपानाचा अवधी पूर्ण सहा महिन्यांचा ठरविला. त्या आधी चार ते सहा महिने असे मोघम सांगितले जाई. तो निर्णय झाल्यावर आपल्या व्यासपीठांवरून सुश्रुताचा जयजयकार झाला. काश्यपाच्या दहाव्या महिन्याचे काय करावे, हे मात्र त्या व्यासपीठांवर कोणी सांगितले नाही.

आमचे मत असे की सुश्रुताचे खरे महत्त्व सहाव्या महिन्यात नाही. त्याच सुश्रुताने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग केले आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, त्यापुढे अन्नाद. सहाव्या महिन्यापासून अन्न खाऊ लागलेल्या मुलाला तो पुढील सहा महिने क्षीरपच म्हणतो! याचा अर्थ इतकाच की सहाव्या महिन्यातील अन्न हे दुधाच्या जागी येत नाही, दुधाच्या सोबत येते. नंतरचे संपूर्ण एक वर्ष दूध आणि अन्न यांचे. दूध तोडणे ही घटना नसून दीड वर्षांचा प्रवास आहे, आणि वाग्भटाचा 'क्रम' हा शब्द त्या प्रवासाचाच वाचक आहे. दाखल्याच्या अस्थींतही उतरण हळूहळू दिसते. काश्यपाचा दहावा महिनाही या उजेडात वाचला तर विसंगत राहत नाही : आधी फळांचा रस व गर, मग जुन्या तांदळाचे पातळ, स्नेहयुक्त अन्न. प्रवासातले मुक्काम वेगळे, दिशा एकच. मात्र दहाव्या महिन्यापर्यंत मुलाला अन्नाचा कणही देऊ नये, असा त्याचा अर्थ काढून कोणी सल्ला देत असेल, तर तो काश्यपावरही अन्याय आहे आणि मुलावरही. आठव्या महिन्याला केवळ मातेच्या दुधावर असलेल्या मुलाला लोह पुरत नाही, हे आता निर्विवाद आहे. शिवाय काश्यपसंहिता आपल्या हाती आली ती नेपाळातील खंडित तालपत्रांवरून, १९३८ मध्ये छापून. तीही एक प्रकारे उत्खननातूनच मिळालेली, तुटकी वस्तू आहे. तुटक्या रांजणावरून अनुमान काढताना पुरातत्त्वज्ञ जेवढी सावधगिरी बाळगतो, तेवढी तुटक्या ग्रंथावरून पथ्य सांगताना आपण बाळगावी.

आणखी एक गोष्ट अस्थींनी आम्हांस नव्याने दाखविली. मूल रात्रंदिवस अंगावर पीत असते तोवर मातेचे आर्तव बहुधा थांबलेले असते व पुढचा गर्भ लांबतो. दूध लवकर कमी झाले की अंतर घटते. शेती आली, धान्याची पेज आली, गाई-शेळ्यांचे दूध आले, त्याबरोबर दूध लवकर सुटू लागले आणि जन्म वाढले, असे जगभरच्या अनेक अभ्यासकांचे मत आहे. इनामगावच्या उत्तरकाळातही जन्मदर मोठा असावा, असे रॉबिन्स शुग यांचे अनुमान आहे. एकामागून एक मूल आणि खाली भुईत एकाशेजारी एक रांजण, असे ते चित्र आहे. पारिगर्भिक व्याधी आपल्या ग्रंथकारांनी नेमका येथेच पाहिला. गर्भिणी मातेचे दूध पिणाऱ्या बालकाला कास, अग्निसाद, वमन, तंद्रा, कार्श्य, अरुचि आणि उदरवृद्धी होते. काश्यपाच्या फक्क रोगातही गर्भज प्रकार हाच. १९३०च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स यांनी पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट प्रांतातून क्वाशिओरकोर हा विकार जगापुढे मांडला. तेथील गा भाषेत तो शब्द नवे बाळ आल्यामुळे पदच्युत झालेल्या आधीच्या मुलाच्या आजाराचा आहे. दोन समाजांनी एकमेकांस न विचारता एकाच दुःखाला जवळजवळ एकच नाव दिले. दोष मात्र गर्भिणीच्या दुधात शोधणे आता सोडून दिले पाहिजे. ते दूध विषारी होत नाही. ते कमी पडते, आणि त्याच्या जागी पुरेसे अन्न येत नाही. "पोटुशी आहेस, पाजू नको," असे सुनेला सांगून दूध एका दिवसात तोडणारी घरे आपल्या परिसरात आहेत. त्यांना आपण वैद्यांनी शास्त्राचा आधार पुरविला असेल, तर तो परत घेण्याची वेळ आली आहे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती अस्थिशास्त्रज्ञांची आहे तशीच आपलीही आहे. रांजणातून मिळतात ती मेलेली मुले. जी जगली, मोठी झाली, शेतावर गेली, ती त्यांत नाहीत. म्हणून मृत बालकांच्या दातांवरून साऱ्या वस्तीचे आरोग्य ठरविणे धोक्याचे, असे जेम्स वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बजाविले. उलट, ज्याच्या दातावर जुन्या आजाराची रेघ आहे तो निदान तो आजार सोसून पुढे जगला. ज्याच्या दातावर काहीच नाही तो कदाचित पहिल्याच झटक्यात गेला. यावर उपाय म्हणून आता मोठेपणी मेलेल्यांच्या पहिल्या कायम दाढेचे पातळ थर कापून त्यांचे बालपण वाचतात. म्हणजे वाचलेल्या मुलांचीही साक्ष निघते. आमच्या चिकित्सालयात तरी दुसरे काय घडते? आमच्याकडे येतात ती आजारी मुले. त्यांच्यावरून आम्ही 'हल्लीच्या आयांना दूधच येत नाही' अशी विधाने बेधडक करतो. ज्यांचे ठीक चालले आहे ती हजारो घरे आमच्या ओसरीवर कधी येतच नाहीत. पुरातत्त्वज्ञाने तीस वर्षांपूर्वी स्वतःला विचारलेला प्रश्न आम्ही वैद्यांनी अजून स्वतःला विचारलेला नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत भारतातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी केवळ सुमारे ११ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत असल्याचे आढळले. मातेचे दूध न मिळणाऱ्यांची ही कथा नव्हे. ही क्षीरान्नाद वयाची कथा आहे, ज्या वयासाठी आपल्याजवळ शब्दही आहे आणि कल्पही आहेत. केळीचा जिल्हा आमचा. ज्वारी, मूग, शेंगदाणे, तूप यांस खेड्यात तोटा नाही. तरीही दहा महिन्यांचे मूल चहा-बिस्किटावर वाढते, कारण अन्नाची वाट मामाच्या सुटीपाशी अडलेली असते आणि बिस्किटाला मुहूर्त लागत नाही. डब्यातील भुकटीबद्दल तर काय बोलावे! बालकांच्या दूधपर्यायांच्या जाहिरातीस बंदी घालणारा कायदा १९९२ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरी बाळंतिणीच्या पिशवीत डबा दिसतोच. तो कोणी दिला हे विचारले की घरचे आमच्याकडेच संशयाने पाहतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे आणि ती प्रथम आम्ही स्वतःस केली आहे. सुवर्णप्राशनाच्या रांगेतील प्रत्येक मुलाच्या कागदावर आता चार गोष्टी लिहितो : पहिला घास कोणत्या महिन्यात व कशाचा, सध्या दिवसातून किती वेळा खाते, दूध अजून आहे की तुटले, तुटले असेल तर हळूहळू की एकदम. सोबत अंगणवाडीतील वजन. मूल आजारी असो वा धडधाकट, सर्वांचे लिहितो. कारण केवळ आजाऱ्यांचे लिहिले तर आमची वही म्हणजे दुसरे रांजणच होईल. आपल्या संघटनेच्या सभासदांनी जिल्ह्याजिल्ह्यांत एवढे पाच वर्षे केले, तर खानदेशातील क्षीरान्नाद बालकांविषयी बोलण्याजोगे काही आपल्या हाती येईल. आणि डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांतील अस्थिशास्त्रज्ञांस आपल्या परिषदांना बोलवावे. त्यांनी दंतजन्मिक अध्याय वाचावा, आपण त्यांचे दात पाहावेत. बोलावणे त्यांच्याकडून आपल्या मताला मान्यता मिळविण्यासाठी नसावे. अस्थींनी एखाद्या वचनाविरुद्ध साक्ष दिली, तर ती ऐकून घेण्याची तयारी असल्याशिवाय त्या परिषदेचा मंडपही घालू नये.

त्या आजींचे काय झाले, हे वाचक विचारतील. आम्ही थेंब दिले नाहीत. आजी फार नाराज झाल्या. मग त्यांच्याच फोनवरून सुरतेला मामाला फोन लावला. तो कामावरूनच बोलला. दिवाळीला मोठ्या थाटाने करू, तोवर आजोबांनी घास द्यावा, यास त्याने एका शब्दात होकार दिला. इतके दिवस त्याला कोणी विचारलेच नव्हते. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, वर तूप, मधल्या वेळी कुस्करलेले केळे, दिवसातून चार वेळा थोडे थोडे. आईचे दूध असेल तितके सुरू. आणि आईचे स्वतःचे जेवण, हे सर्व आजींना दोनदा म्हणायला लावले. जामनेरच्या बालरोगतज्ज्ञांकडेही चिठ्ठी देऊन पाठविले. पुढच्या पुष्याला त्या आल्या. मुलाचे पोट अजून पुढेच होते, पण ते रांगेत शेजारच्या बाईच्या हातातील केळ्याकडे हात करीत होते. आजींनी आमच्याकडे न पाहताच कागद पुढे केला व म्हणाल्या, "लिहा, चार वेळा खातो."